हेझोउ ते लिनशिया : एका सरहद्दीच्या शहराचा प्रशासकीय इतिहास आणि त्याचे अभ्यासक

चीनमधील कोणत्याही तालुक्याचे किंवा शहराचे गॅझेटिअर उघडले, की आरंभीच्या पानांत एक ठरावीक प्रकरण आढळते. कोणत्या राजवटीत त्या जागेला काय नाव होते, तिचा दर्जा काय होता, ती कोणत्या वरिष्ठ कचेरीच्या अखत्यारीत होती, याची त्यात कालक्रमानुसार नोंद असते. ही परंपरा जुनी आहे आणि संशोधकाच्या दृष्टीने उपयुक्तही आहे. परंतु अशी यादी वाचून शहराचा इतिहास समजला असे मानणे धोक्याचे ठरते. यादी शहराने लिहिलेली नसते. ती शहरावर राज्य करणाऱ्या दूरच्या राजधानीने लिहिलेली असते.

चीनच्या वायव्येकडील गान्सू प्रांतातील लिनशिया हे शहर या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. आकाराने ते लहान आहे. शहराचे क्षेत्रफळ सुमारे ८९ चौरस किलोमीटर असून २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या साडेतीन लाखांच्या आसपास भरली. दर्जाने ते तालुका पातळीचे शहर आहे, आणि त्याच वेळी लिनशिया हुई स्वायत्त विभागाचे मुख्यालयही आहे. चिनी मुसलमानांत ते 'छोटी मक्का' म्हणून प्रसिद्ध आहे. या शहरावर आणि त्याच्या परिसरावर गेल्या शतकात काही मोलाचे ग्रंथ लिहिले गेले. त्यांपैकी रॉबर्ट एक्वाल, जोनाथन लिपमन आणि मॅथ्यू एरी या तीन अभ्यासकांचे ग्रंथ गॅझेटिअरच्या यादीशेजारी ठेवून वाचले असता एक प्रश्न उभा राहतो : जे शहर अनेक लोकसमूहांना जोडणारी बिजागरी होते, ते एकाच समूहाच्या नावाने कसे ओळखले जाऊ लागले?

आरंभीच नावाविषयी एक खुलासा आवश्यक आहे. 'लिनशिया' या नावातील 'शिया' या शब्दाचा त्या नावाच्या इस्लामी पंथाशी काही संबंध नाही. शहराजवळून वाहणाऱ्या दाशिया नदीच्या नावातील तो अंश आहे. लिनशिया म्हणजे शिया नदीच्या काठचे. येथील मुसलमान सुन्नी असून हनफी फिकह पाळतात.

भूगोल : दोन जगांची उंबरठ्याची जागा

लिनशिया समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर, दाशिया नदीच्या खोऱ्यात वसले आहे. प्रांताची राजधानी लानझोउ त्याच्या ईशान्येस येते. शहराच्या पूर्वेस व ईशान्येस लोएस मातीच्या कोरड्या, घळींनी फाटलेल्या टेकड्या आहेत. ही माती बारीक, पिवळसर व भुसभुशीत असते. पाऊस पडला तर पीक देते, जोराचा पडला तर वाहून जाते. नैऋत्येस जमीन भराभर चढत जाते आणि तिबेटी पठाराची कुरणे सुरू होतात. दाशिया नदी याच उंच प्रदेशातून, लाब्रांगच्या प्रसिद्ध बौद्ध मठाजवळून, खाली येते आणि लिनशियाला वळसा घालून पीत नदीला मिळते. लाब्रांगचा मठ १७०९ मध्ये स्थापन झाला. त्या मठाकडे जाणारा परंपरागत रस्ता लिनशियावरूनच जातो.

या मांडणीचा अर्थ साधा आहे. खाली धान्य, कापड आणि चहा. वर घोडे, लोकर, कातडी आणि याक. दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांचा माल हवा, परंतु एकमेकांची भाषा, हवामान आणि खाणेपिणे परके. अशा ठिकाणी मधल्या माणसाला महत्त्व येते. लिनशियाचे मुसलमान व्यापारी, खेचरवाले व दलाल शतकानुशतके हा मधला माणूस होते. शहराची ही भूमिका कोणत्याही फर्मानाने ठरवलेली नव्हती. ती नदी आणि चढण यांनी ठरवली होती.

भाषेतही याची साक्ष मिळते. या भागातील चिनी बोलीला आजही 'हेझोउ बोली' म्हणतात. प्रमाण चिनीत कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा क्रम असतो. हेझोउ बोलीत मात्र कर्म आधी आणि क्रियापद शेवटी येते, आणि नामापुढे विभक्तिप्रत्ययासारखी रूपे लागतात. मराठी वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. शेजारच्या मंगोल, तुर्की व तिबेटी वळणाच्या भाषांच्या दीर्घ सहवासाने चिनी भाषेचा सांगाडाच येथे बदलला. दोंगशियांग व बोनान या मुसलमान जमातींच्या भाषा मंगोल कुळातील आहेत, सालारांची भाषा तुर्की कुळातील, तर हुईंची चिनी. एवढे वैविध्य काही तासांच्या वाटेवर नांदते.

नावांची यादी आणि तिचे वाचन

गॅझेटिअरची यादी फूहान या नावाने सुरू होते. हान राजवटीत फूहान हा तालुका जिनछंग परगण्यात मोडत असे. त्याआधी ती छिआंग लोकांच्या एका सरदाराची जागा होती, असे प्राचीन टीकाकार सांगतात. म्हणजे यादीतील पहिली नोंदच एका आधीच्या मालकाकडे बोट दाखवते, पण यादी त्याच्याकडे वळून पाहत नाही. चौथ्या शतकात 'हेझोउ' हे नाव आले. 'हे' म्हणजे नदी, अर्थात पीत नदी. ४१२ मध्ये पश्चिम छिन या शियानबेई राजघराण्याने आपली राजधानी फूहानला आणली, आणि हे लहान गाव काही वर्षे एका राज्याची राजधानी बनले. त्या काळची खूण पीत नदीच्या काठी बिंगलिंगच्या लेण्यांत टिकून आहे. तेथील १६९ क्रमांकाच्या गुंफेत ४२० सालचा लेख आहे. चीनमधील लेण्यांत सापडलेला तो सर्वांत जुना कालनिर्देशित लेख मानला जातो.

यादीचा पहिला दोष येथेच लक्षात येतो. 'हेझोउ' हे नाव दीड हजार वर्षे चालत आले, त्यामुळे वाचकाला ती एकच वस्तू वाटते. प्रत्यक्षात चौथ्या शतकातील 'झोउ' हा अनेक परगण्यांचा मोठा प्रांत होता, तर अठराव्या शतकातील 'झोउ' लानझोउच्या हाताखालील एक मध्यम विभाग होता. शब्द तोच राहिला आणि त्याखालची जमीन आकुंचन पावली. प्रशासकीय इतिहास शिकवताना नावाबरोबर त्या नावाचे माप सांगितले नाही, तर विद्यार्थ्याच्या मनात खोटे सातत्य तयार होते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. थांग राजवटीची पकड १८ व्या नव्हे, ८ व्या शतकातच सुटली. ७६० च्या दशकात तिबेटी सैन्याने हेझोउ घेतले. त्यानंतर उत्तर सुंग राजवटीचा सेनापती वांग शाओ याने १०७३ मध्ये ते परत जिंकेपर्यंत तीन शतके हा मुलूख तिबेटी सत्तांच्या आणि सरदारांच्या ताब्यात होता. मराठ्यांच्या राज्याचा सारा विस्तार ज्या काळात सहज सामावेल, त्याहून मोठा हा कालखंड. यादीत मात्र त्याला एखादी ओळ मिळते, कारण त्या काळी राजधानीकडून हुकूम येत नव्हता. ज्यांनी हुकूम पाठवले त्यांचाच इतिहास यादीत उरतो.

युआन म्हणजे मंगोल राजवटीने हेझोउ येथे तिबेटी मुलखाच्या कारभाराची एक मोठी कचेरी ठेवली. येथे शहराकडे तिबेटचा दरवाजा म्हणून पाहिले गेले. मिंग सैन्याने १३७० मध्ये शहर घेतल्यावर तेथे लष्करी ठाणे बसवले आणि शरण आलेल्या एका तिबेटी सरदाराच्या घराण्याला त्यात वंशपरंपरागत हुद्दा दिला. त्याच काळात चहा-घोडे कचेरी सुरू झाली. पठारावरचे घोडे घ्यायचे आणि बदल्यात चहा द्यायचा, हा व्यवहार सरकारने आपल्या हाती ठेवला. सैन्याला घोडे हवे होते, म्हणून शहराचा दर्जा लष्करी होता. छिंग राजवटीत सरहद्द आणखी पश्चिमेस सरकली, लष्करी ठाण्याची गरज कमी झाली आणि १७२० च्या दशकात ते मोडून हेझोउ नागरी विभाग झाला. राजधानीला ज्या वेळी जे हवे होते, त्याप्रमाणे शहराची पाटी बदलत गेली, असा या साऱ्या बदलांचा निष्कर्ष निघतो.

१७६२, १७८१, १८२३ : सीमारेषा आणि सिलसिले

अठराव्या शतकात या प्रशासकीय इतिहासात एक नवा घटक आला. शहर आणि परिसरात सूफी सिलसिले रुजले. छी जिंगयी (१६५६-१७१९) यांची कबर असलेली 'मोठी गोंगबेई' लिनशियात आहे. गोंगबेई हा शब्द 'कुब्बा' किंवा 'गुंबद' याचेच चिनी रूप. दर्गा ही संस्था ज्यांना परिचित आहे त्यांना तिचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागत नाही. सिलसिल्याच्या गादीभोवती उभी राहिलेली जी संघटना, तिला चिनीत मेनहुआन म्हणतात. मा लायछी (१६८१-१७६६) यांनी खफिया परंपरा आणली. मा मिंगशिन यांनी यमनमधून परतून जहरिया परंपरा सुरू केली. या दोन्ही धाग्यांचा माग अरबी मुलखातील नक्शबंदी गुरूंपर्यंत नेण्याचे श्रेय जोसेफ फ्लेचर यांना जाते. त्यांचा यासंबंधीचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या काळातील तीन तारखा एकत्र ठेवून पाहाव्यात. १७६२ मध्ये हेझोउ येथील एक उपविभागीय अधिकारी पश्चिमेकडे, सालार लोकांच्या मुलखात शुनहुआ येथे हलवण्यात आला आणि शुनहुआचा वेगळा उपविभाग झाला. नावाचा अर्थ साधारणपणे 'संस्कार पत्करून चालणारे' असा आहे. नाव देणाऱ्याची अपेक्षा त्यातून उघड होते. १७८१ मध्ये याच शुनहुआत खफिया व जहरिया अनुयायांच्या भांडणातून उठाव झाला. सू फॉर्टी-थ्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सालार नेत्याच्या लोकांनी हेझोउ घेतले आणि ते लानझोउवर चालून गेले. मा मिंगशिन यांना लानझोउत ठार मारण्यात आले आणि उठाव चिरडला गेला. पुढे १८२३ मध्ये शुनहुआ लानझोउच्या अखत्यारीतून काढून शिनिंगला जोडण्यात आले. सालार आणि हेझोउचे मुसलमान यांचे सोयरसंबंध, बाजार, मशिदी व सिलसिले एक होते. कागदावर मात्र ते दोन वेगळ्या कचेऱ्यांचे रयत झाले. पुढील शतकात ही रेषा प्रांताची सीमा बनली.

शहराच्या आतही अशीच एक रेषा होती. तटबंदीच्या आत सरकारी कचेऱ्या आणि मुख्यतः हान वस्ती. तटाबाहेर नैऋत्येला बाफांग हे मुसलमानांचे उपनगर. बाफांग म्हणजे आठ मोहल्ले, एकेका मशिदीच्या जमातीभोवती वसलेले. व्यापार बाफांगमध्ये चाले, अधिकार तटाच्या आत बसे. यादीत 'हेझोउ' म्हणून जे लिहिले आहे ते तटाच्या आतले शहर. लोकांच्या स्मरणात जे हेझोउ आहे ते बरेचसे तटाबाहेरचे.

तीन ग्रंथ, तीन दृष्टी

एक्वाल यांचा गान्सू-तिबेट सरहद्दीवरील सांस्कृतिक संबंधांचा ग्रंथ १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केला. लेखक मिशनरी कुटुंबातील, गान्सूतच जन्मलेले. चिनी, मुसलमान, शेतकरी तिबेटी आणि भटके तिबेटी अशा चार गटांचे परस्पर व्यवहार त्यांनी जोडी-जोडीने तपासले. कोण कोणाकडून काय घेतो, कोण कोणाच्या घरी उतरतो, कोण कोणाशी लग्न करतो, असे त्यांचे प्रश्न होते. पुस्तक लहान आहे आणि त्यात इतिहासाची खोली कमी आहे. गट जणू कायमचे ठरलेले आहेत असे ते मानून चालते. तरीही त्याचे मोल आजही टिकून आहे, कारण त्याने समूहांपेक्षा समूहांमधल्या संबंधांना अभ्यासाचा विषय केले. या सरहद्दीचे खरे एकक 'संबंध' हेच आहे.

लिपमन यांचा वायव्य चीनमधील मुसलमानांचा इतिहास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळखीचे असूनही परके राहिलेले लोक, असा त्याच्या शीर्षकाचा आशय आहे. ग्रंथाचे सामर्थ्य दोन गोष्टींत आहे. 'हुई' ही आजची सरकारी जात-ओळख १९४९ पूर्वीच्या लोकांवर लादण्यास लिपमन नकार देतात आणि 'चिनी मुसलमान' या अर्थाची वेगळी संज्ञा वापरतात. तसेच मुसलमान म्हणजे स्वभावतःच बंडखोर, ही चिनी अधिकाऱ्यांनी रूढ केलेली समजूत ते पुराव्यानिशी खोडून काढतात. उठावांची सुरुवात पुष्कळदा मुसलमानांच्याच आपसांतील वादातून झाली, सरकारच्या आंधळ्या हस्तक्षेपाने ते भडकले, आणि ते मोडण्यासाठी सरकारच्या बाजूने लढणारेही मुसलमानच होते.

याचे ठळक उदाहरण हेझोउचेच आहे. १८७२ च्या आरंभी मा झान-आओ यांच्या नेतृत्वाखालील मुसलमान सैन्याने ताइझ्सी येथे झुओ झोंगथांगच्या शाही फौजेचा पराभव केला, आणि विजय पदरात असतानाच त्यांनी शरणागती पत्करली. हा निर्णय भ्याडपणाचा की शहाणपणाचा, यावर आजही मतभेद होऊ शकतो. त्याचा परिणाम मात्र स्पष्ट आहे. शान्शी आणि गान्सूचे इतर मुसलमान मारले गेले किंवा उखडले गेले. हेझोउचे मुसलमान आपल्या जागी राहिले. शरण आलेल्या सरदारांची घराणी शाही सेनेत शिरली आणि दोन पिढ्यांत सत्ताधीश झाली. लिनशिया आज मुसलमान शहर आहे याचे मूळ त्या शरणागतीत आहे. नामांतरांच्या यादीत १८७२ या सालाला स्थान नाही, कारण त्या वर्षी पाटी बदलली नव्हती.

लिपमन यांच्या ग्रंथावर दोन आक्षेप घेता येतात. त्यांची साधने मुख्यतः चिनी आणि पाश्चात्त्य आहेत. तिबेटी भाषेतील साधनांना त्यात फारसा वाव नाही, आणि त्यामुळे ज्या सरहद्दीचे वर्णन ते करतात तिची एक बाजू दुरूनच दिसते. दुसरे असे, की त्यांचे मुख्य विवेचन प्रजासत्ताक काळाशी संपते. ज्या 'हुई' ओळखीला ते कालविपर्यास म्हणतात, ती नकाशावर नेमकी कशी कोरली गेली, हे वाचकाला स्वतः जुळवून घ्यावे लागते.

एरी यांचा २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने प्रसिद्ध केलेला ग्रंथ या उणिवेच्या पुढच्या टोकापासून सुरू होतो. साम्यवादी राज्यात शरियत कशी जगते, हा त्यांचा प्रश्न. लिनशियात दीर्घकाळ राहून त्यांनी नमाज व विधी, धार्मिक शिक्षण, निकाह व तलाक, देणग्या व मालमत्ता, तंटे आणि त्यांची तडजोड यांचा अभ्यास केला. सरकार व धर्म ही दोन वेगळी पारडी नसून आहोंग म्हणजे इमाम, सरकारी अधिकारी आणि पक्षकार एकाच खोलीत कसे बसतात, हे त्यांनी दाखवले. कायद्याचे शिक्षक आणि समाजशास्त्राचे शिक्षक या दोघांनाही हा ग्रंथ उपयोगी आहे. मात्र शहर हा येथे एका मोठ्या प्रश्नाचा मंच आहे. मंचाच्या पलीकडचा दोंगशियांगचा टेकडीवासी आणि लाब्रांगचा गिऱ्हाईक पार्श्वभूमीला जातो. शिवाय ग्रंथातील निरीक्षणे २०१६ पूर्वीची आहेत. त्यानंतर परिस्थिती बदलली, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा लागतो.

विसाव्या शतकातील वाटणी

१९१३ मध्ये चिनी प्रजासत्ताकाने सर्व जुने विभाग मोडून त्यांचे तालुके केले. हेझोउचे नाव 'दाओहे' झाले. प्राचीन ग्रंथातील, महापूर आवरणाऱ्या राजा यू याने जिशी पर्वतापासून नदीला वाट काढून दिली, या कथेचा त्याला आधार होता. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते नाव जाऊन लिनशिया आले. त्याच सुमारास शहराने आपल्या इतिहासातील एक भयंकर वर्ष पाहिले. १९२८ मध्ये तरुण मा झोंगयिंगच्या बंडखोरांनी शहराला वारंवार वेढा घातला, आणि सरकारी फौजेने बाफांग जाळले.

त्याच वर्षी गान्सू प्रांतातून छिंगहाय आणि निंगशिया हे दोन प्रांत वेगळे काढण्याचा निर्णय झाला. मा छी, मा लिन आणि मा बुफांग यांच्या घराण्याने छिंगहायवर, तर मा फूशियांग यांचे पुत्र मा होंगकुई यांनी १९३३ पासून निंगशियावर राज्य केले. ही दोन्ही घराणी हेझोउच्या खेड्यांतली. ज्या मुलखाने दोन प्रांतांना सत्ताधीश पुरवले, तो स्वतः तिसऱ्या प्रांतातील एक तालुका उरला. यादीतील दर्जा आणि प्रत्यक्षातील वजन यांच्यातील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

१९४९ नंतरच्या वाटणीत जुन्या हेझोउच्या परिसराचे तीन तुकडे पक्के झाले. १९५३ मध्ये दाशिया नदीच्या वरच्या खोऱ्यासह गान्नान तिबेटी स्वायत्त विभाग झाला. १९५४ मध्ये शुनहुआ हा छिंगहायमधील सालार स्वायत्त तालुका झाला. नोव्हेंबर १९५६ मध्ये लिनशिया हुई स्वायत्त विभाग स्थापन झाला. त्याच्या पोटात दोंगशियांग स्वायत्त तालुका १९५० पासूनच होता. १९८१ मध्ये जिशिशान हा बोनान, दोंगशियांग व सालार अशा तीन समूहांच्या नावाने स्वायत्त तालुका तयार झाला. शहर आणि आसपासचा तालुका काही काळ वेगळे, काही काळ एकत्र असे राहिले. १९८३ मध्ये तालुका दर्जाचे आजचे शहर पुन्हा अस्तित्वात आले. लिनशिया तालुक्याचे मुख्यालय आता शहरात नाही ; ते हानजी या बाजारगावात आहे. मा फूशियांग याच परिसरातले.

या रचनेचे फायदे नाकारता येणार नाहीत. लहान समूहांना नाव मिळाले, भाषेला नोंद मिळाली, सरकारी जागांत वाटा मिळाला. दोंगशियांगांना पूर्वी 'मंगोल हुई' म्हणून हिणवले जाई, त्यांना स्वतंत्र ओळख मिळाली. परंतु किंमतही मोजावी लागली. नदीचे वरचे खोरे तिबेटी, खालचे हुई, डोंगरापलीकडचे सालार, अशी वाटणी झाल्यावर बिजागरीचे शहर एका पाखाच्या नावावर चढले. पूर्वी माणूस बाजारात कोणाशी बोलतो यावरून ओळखला जाई. आता तो कोणत्या विभागाच्या नोंदवहीत आहे यावरून ओळखला जातो.

जुन्या एकसंध प्रदेशाची आठवण कोठे उरली आहे, तर ती नावात. या भागातील 'हुआर' लोकगीतांच्या एका प्रमुख प्रकाराला 'हेझोउ हुआर' म्हणतात. ही गाणी हान, हुई, दोंगशियांग, बोनान, सालार आणि काही तिबेटीही गातात, तीही बहुतांशी चिनी बोलीत. २००९ मध्ये युनेस्कोने हुआरला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. समाजशास्त्रज्ञ फेई शियाओथोंग यांनी १९८० च्या दशकात येथील व्यापारी वृत्तीची तुलना पूर्वेकडील वेन्झोउशी केली, तेव्हा त्यांनीही लिनशिया न म्हणता हेझोउ हेच नाव वापरले. सरकारी कागदातून गेलेले नाव गाण्यात, बोलीत आणि बाजारात टिकले.

'छोटी मक्का' या विशेषणाविषयी

लिनशियाचे 'छोटी मक्का' हे विशेषण मुसलमान वाचकाला सुखावणारे आहे, आणि म्हणूनच ते तपासून घेतले पाहिजे. मशिदी, गोंगबेई आणि मदरसे यांची दाटी पाहता ते निराधार नाही. मा वानफू यांची इखवानी सुधारणा-चळवळ जवळच्या दोंगशियांगमधून निघाली, आणि सिलसिल्यांशी तिचा वाद याच गल्ल्यांतून चालला. तरीही या विशेषणाने दोन गोष्टी झाकल्या जातात. एक म्हणजे दारिद्र्य. २०१७ मध्ये चिनी सरकारने अतिदरिद्री म्हणून निवडलेल्या मोजक्या प्रदेशांत लिनशिया विभाग होता, आणि त्याचे कारण धर्मात नव्हे, लोएसच्या कोरड्या टेकड्यांत होते. दुसरी म्हणजे शेजार. मठाकडे जाणारा तिबेटी यात्रेकरू आणि गावातला हान शेतकरी यांच्याशिवाय हे शहर उभेच राहिले नसते.

विशेषणे सत्ताधाऱ्यांच्याही उपयोगाची असतात. याच शतकात बाफांगच्या तेरा गल्ल्या पर्यटनस्थळ म्हणून सजवण्यात आल्या. २०१८ पासून मात्र अल्पवयीन मुलांच्या धार्मिक शिक्षणावर निर्बंध आल्याच्या आणि पुढे मशिदींचे अरबी धाटणीचे घुमट काढल्याच्या बातम्या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांनी दिल्या. गल्लीचा वारसा मिरवायचा आणि त्या वारशाचे शिक्षण आवळायचे, या दोन गोष्टी एकाच प्रशासनाखाली एकत्र नांदतात. 'हुई स्वायत्त' ही पाटी तेवढीच राहिली आहे. पाटीखाली काय चालले आहे ते पाटी सांगत नाही, हा जुना धडा येथे पुन्हा मिळतो.

भूगोल मात्र पाट्या मानत नाही. १९५८ मध्ये काम सुरू होऊन १९७४ पर्यंत पूर्ण झालेल्या लिउजियाशिया धरणाने पीत नदी अडवली. १४७ मीटर उंचीच्या या धरणाच्या जलाशयात योंगजिंग तालुक्याचे जुने मुख्यालय बुडाले आणि मुख्यालयाचे गाव दुसरीकडे गेले. १८ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास जिशिशान येथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गान्सू आणि छिंगहाय मिळून १५१ माणसे दगावली. सीमेच्या दोन्ही बाजूंची घरे पडली, आणि छिंगहायच्या बाजूला लोएसची ओली माती वाहून गावांत शिरली. मृतांची मोजदाद दोन प्रांतांनी वेगवेगळी केली. जमीन एकच हलली होती.

समारोप

महाविद्यालयात इतिहास किंवा भूगोल शिकवताना एखाद्या दूरच्या शहराचा परिचय बहुधा नावांच्या यादीने किंवा एखाद्या विशेषणाने करून दिला जातो. वेळ कमी असतो आणि यादी सोयीची असते. लिनशियाचे उदाहरण सांगते, की यादी टाकून देण्याची गरज नाही, मात्र तिला चार प्रश्न विचारले पाहिजेत. हे नाव कोणी दिले? त्या वेळी या नावाखाली किती जमीन होती? यादीत कोणता काळ गाळला आहे? आणि सीमा ओढली गेली तेव्हा कोणते शेजारी एकमेकांना परके झाले?

एक्वाल, लिपमन आणि एरी यांच्यापैकी एकही ग्रंथ या चारही प्रश्नांची उत्तरे देत नाही. तिघांना एकत्र वाचले तर बरीचशी मिळतात, आणि जी उरतात ती नदीच्या नकाशावर शोधावी लागतात. दाशिया नदी तिबेटी स्वायत्त विभागात उगम पावते, हुई स्वायत्त विभागातून वाहते आणि धरणाच्या जलाशयात पीत नदीला मिळते. तिच्या काठाने वर जाणारी वाट फूहान, हेझोउ, दाओहे आणि लिनशिया या चारही नावांच्या काळात चालू होती. या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याने आरंभ त्या वाटेपासून करावा आणि नावांची यादी परिशिष्टात द्यावी, हे अधिक योग्य ठरेल.